काळी-पिवळीचे स्मरणरंजन आणि रस्त्यावरचा माणूस

जुनी मोटार आणि आजची एसयूव्ही यांची तुलना करणाऱ्या लेखनाचा मराठीत आता एक पक्का साचा तयार झाला आहे. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपवून बाद झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या सुमारास या साच्यातील लेखांना उधाण आले होते. पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून आणि समाजमाध्यमांतून पद्मिनीवर मृत्युलेख लिहिले गेले. त्या लेखांत पद्मिनी सोज्ज्वळ, घरंदाज आणि जिवंत होती. तिच्यासमोर उभी केलेली एसयूव्ही उद्दाम, धनदांडगी आणि निर्जीव होती. एका बाजूला आत्मा, दुसऱ्या बाजूला पैसा. या विरोधाचे वारेमाप कौतुक झाले. आमचा त्याला विरोध आहे, आणि तो एसयूव्हीच्या बाजूने नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मराठीच्या अध्यापकांनी मोटारीसारख्या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये सित्रोएन डीएस या मोटारीवर निबंध लिहिला, ही गोष्ट आपण एम.ए.च्या वर्गात मोठ्या आदराने सांगतो. मात्र आपल्या दारातली मोटार वाचायची वेळ आली की आपण समीक्षा सोडून गहिवर पत्करतो. शिवाय हा प्रश्न पद्धतीचा आहे. तौलनिक अभ्यासाचा पहिला धडा असा की, तुलनेच्या दोन्ही बाजू एकाच पातळीवर हव्यात. पद्मिनीवरच्या लेखांत एका बाजूला लेखकाची आठवण असते आणि दुसऱ्या बाजूला कंपनीची जाहिरात. आठवणीतली मोटार आणि जाहिरातीतली मोटार यांची तुलना म्हणजे दोन वाहनांची तुलना नव्हे. एम.ए.च्या विद्यार्थ्याने एका कादंबरीची संहिता आणि दुसऱ्या कादंबरीचे मलपृष्ठ यांची तुलना करून प्रबंधिका आणली, तर आपण ती परत करू. मोटारीच्या बाबतीत मात्र हेच लेखन आपण 'ललित' म्हणून डोक्यावर घेतो.

तेव्हा प्रथम वस्तुस्थितीकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याखाली मोटारी तयार होऊ लागल्या. साठच्या दशकात आलेली फियाट ११०० डी हीच पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. चार सिलिंडरांचे १०८९ सीसी इंजिन, मागच्या चाकांना गती, स्टीअरिंगच्या दांड्यावरच बसवलेला गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांबी ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर, वजन नऊशे किलोच्या आसपास. इटलीत १९६० च्या दशकातच मागे पडलेली ही रचना आपल्याकडे किरकोळ फेरफारांसह शतक पालटेपर्यंत तयार होत राहिली. कारण उघड होते. परवाना पद्धतीत स्पर्धा नव्हती, ग्राहकाला निवड नव्हती, आणि मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पद्मिनीच्या 'टिकाऊपणा'चे जे गोडवे गायले जातात, त्यातला मोठा वाटा या सक्तीच्या टिकण्याचा आहे. दुसरी गाडी मिळतच नव्हती, म्हणून हीच पुन्हा पुन्हा दुरुस्त होत राहिली.

त्यातच आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. पद्मिनी ही 'सामान्य माणसाची गाडी' कधीच नव्हती. सामान्य माणूस एसटीत होता, लोकलमध्ये होता, सायकलवर होता. ज्यांच्या दारात खाजगी फियाट उभी असे, ते डॉक्टर, वकील, कारखानदार किंवा कंपनीतले वरिष्ठ अधिकारी असत. सामान्य माणसाच्या वाट्याला पद्मिनी आली ती भाड्याने, काळ्या-पिवळ्या रंगात, तीही बहुधा आजारपणात किंवा सामान घेऊन स्थानकावर जाताना. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या आणि त्यांत बहुसंख्य पद्मिनीच होत्या. म्हणजे ज्या पद्मिनीसाठी आज अश्रू ढाळले जातात, ती मुख्यतः सार्वजनिक वाहन होती. मृत्युलेखांत मात्र ती 'आपली गाडी' होते. भाड्याच्या गाडीवर मागाहून मालकी सांगण्याचा हा प्रकार आहे.

या मालकीत टॅक्सीचालकाला जागा नाही. स्मरणरंजनाचा निवेदक नेहमी मागच्या आसनावर बसलेला असतो. त्याला खिडकीतून येणारा समुद्राचा वारा आठवतो, छताला लावलेले फुलाफुलांचे रेक्झिन आठवते, बाहेरच्या अंगाला बसवलेला लोखंडी मीटर खाली पाडल्याचा आवाज आठवतो. पुढच्या आसनावरच्या माणसाला काय आठवत असेल? मे महिन्यात पायांशी तापणारे इंजिन, पॉवर स्टीअरिंगवाचून दिवसभर फिरवायचे जड चक्र, गर्दीत मिनिटाला दहादा दाबायचा क्लच आणि डिकीतल्या सीएनजी टाकीमुळे प्रवाशाच्या पेट्या टपावरच्या कॅरिअरवर चढवण्याचे काम. यातले अनेक चालक उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले. पैकी किती जण रात्री त्याच गाडीत झोपत, हे मुंबईत राहिलेल्यांना सांगायला नको. त्यांना पद्मिनीच्या जाण्याचे दुःख झाले असेल, पण ते दुःख वेगळ्या जातीचे होते. त्यात परमिट, कर्ज आणि ॲपवरून मागवल्या जाणाऱ्या वातानुकूलित गाड्यांशी असलेली असमान लढत होती. आमच्या वाचनात आलेल्या मृत्युलेखांत या दुःखाला फारतर एक ओळ मिळाली. दलित आणि ग्रामीण साहित्याने 'कोण बोलतो आहे आणि कोणाच्या वतीने' हा प्रश्न मराठी समीक्षेला शिकवला, त्याला अर्धे शतक होऊन गेले. टॅक्सीत बसताना तो आपण फाटकापाशीच ठेवून येतो काय?

कारखान्यातला कामगार तर या लेखांतून साफ गायब असतो. कुर्ल्याचा हा कारखाना मुंबईच्या कामगार चळवळीच्या इतिहासातले एक ठळक ठिकाण आहे; दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेचे लढे तेथे झाले. नव्वदच्या दशकात कारखाना खंगत गेला आणि त्या जमिनीवर आज इमारती उभ्या आहेत. गिरण्यांच्या जागी मॉल आले, यावर आपण कविता लिहिल्या, नाटके केली. ज्या गाडीला आपण सखी म्हणतो, ती घडवणाऱ्यांचे काय झाले, हे विचारायला मात्र आपली लेखणी कुर्ल्याला वळत नाही.

नावांचा मुद्दाही पाहण्यासारखा आहे, कारण तो आपल्या विषयाचा आहे. 'पद्मिनी' हे चितोडच्या राणीचे नाव. सोळाव्या शतकात जायसीने अवधीत रचलेल्या 'पद्मावत'मधून ही व्यक्तिरेखा आपल्याला माहीत झाली. इटालियन रचनेच्या गाडीला असे नाव देण्यात परदेशी यंत्राला स्वदेशी कुळ देण्याचा उद्योग होता, आणि गाडी म्हणजे जपायची, मिरवायची स्त्री, ही कल्पनाही होती. मृत्युलेख लिहिणाऱ्यांनी 'तिची कमनीय वळणे' वगैरे लिहून ही कल्पना आणखी घट्ट केली. आजच्या नावांत राणी गेली आणि शिकारी आले. 'स्कॉर्पिओ' म्हणजे विंचवाची रास. 'हॅरिअर' हा शिकारी पक्षी. राणीकडून विंचवाकडे झालेल्या या प्रवासात पुष्कळ काही दडले आहे, हे खरेच. परंतु राणीचे नाव सोज्ज्वळ आणि विंचवाचे तेवढे हिंसक, असे मानणे भाबडेपणाचे होईल. 'जपायची स्त्री' आणि 'दरारा बसवणारा पुरुष' ही एकाच व्यवस्थेतली दोन पात्रे आहेत.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण स्मरणरंजनाला विरोध करणारा माणूस अनेकदा दुसऱ्या टोकाला जाऊन प्रगतीचा भाट होतो. एसयूव्हीचे समर्थक म्हणतात: जुन्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे होते, नव्या सुरक्षित आहेत. यात तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पद्मिनीत एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हते, धडकेचा जोर शोषून घेणारी आधुनिक चौकट नव्हती. मात्र एसयूव्ही म्हणजे आपोआप सुरक्षित, हेही खरे नाही. ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या तेव्हाच्या स्कॉर्पिओची धडक-चाचणी घेतली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. त्याच नावाच्या नव्या पिढीला, स्कॉर्पिओ-एनला, २०२२ मध्ये प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. सुधारणा झाली ती चाचण्या, कायदा आणि ग्राहकांचा दबाव यांमुळे. गाडीच्या उंचीने किंवा आडदांडपणाने ती झाली नाही.

पण आमचा खरा आक्षेप पुढे आहे. 'सुरक्षित' म्हणजे कोणासाठी सुरक्षित? हे तारे मुख्यतः गाडीच्या आत बसलेल्या प्रौढांचे आणि मुलांचे संरक्षण मोजतात. पादचाऱ्याच्या संरक्षणाची किमान अट त्यांत आता आली आहे, तरी गाडीच्या दर्शनी भागावर झळकणारा तारा बाहेरच्या माणसाचा नसतो. आणि भारतातल्या रस्त्यांवर मरतो तो बाहेरचा माणूस. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे दर तिघांतले जवळजवळ दोघे असे की, ज्यांच्याभोवती कसलाच पत्रा नव्हता.

येथे गाडीच्या आकाराला अर्थ प्राप्त होतो. स्कॉर्पिओ-एनची लांबी ४.६६ मीटर आणि रुंदी १.९२ मीटर आहे. पद्मिनीपेक्षा ती सुमारे दीड फूट रुंद आहे, रस्त्यावर व्यापलेली जागा दीडपटीहून अधिक आहे आणि वजन जवळजवळ दुप्पट. तिच्यात सात माणसे बसू शकतात, हे मान्य. पण सकाळी दहा वाजता शहरातल्या कोणत्याही चौकात उभे राहून आतली माणसे मोजावीत आणि मग बोलावे. पुण्याच्या पेठांतले किंवा साताऱ्याच्या जुन्या गावठाणातले रस्ते दीड फुटाने रुंद झालेले नाहीत. तो दीड फूट कोणाच्या तरी वाट्यातून आलेला आहे. बहुतेक वेळा सायकलवाल्याच्या, हातगाडीवाल्याच्या, कडेने चालणाऱ्या शाळकरी मुलीच्या. उंचीचेही तसेच. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या गाड्यांच्या बॉनेटची उंची चाळीस इंचांहून अधिक आहे, त्या पादचाऱ्याला धडकल्यास तो दगावण्याची शक्यता तीस इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. हा अभ्यास तिथल्या रस्त्यांचा आहे, परंतु माणसाची छाती आणि डोके कोणत्या उंचीवर असते, हे देशागणिक फारसे बदलत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर काही सांगायलाच नको.

एसयूव्हीच्या जाहिराती या दृष्टीने वाचाव्यात, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवतो. ओढे, वाळवंट, बर्फ, कडेकपारी. त्या निसर्गात दुसरे वाहन नसते आणि मुख्य म्हणजे माणूस नसतो. जाहिरातीतला रस्ता हा निर्मनुष्य रस्ता आहे. ती गाडी विकत घेणारा माणूस मात्र कोथरूडमध्ये किंवा ठाण्यात राहतो आणि निर्मनुष्य रस्त्याची ती कल्पना घेऊन तो गर्दीत उतरतो. गर्दी मग त्याला अडथळा वाटू लागते. घाटातल्या वस्तीवर जाणाऱ्या डॉक्टरला किंवा शेतरस्ता तुडवणाऱ्या शेतकऱ्याला उंच गाडी लागते, याबद्दल वाद नाही. परंतु विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक जेव्हा याच वर्गातली असतात, तेव्हा सगळा देश घाटात राहतो, असे म्हणावे लागेल.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी एक गंमत जरूर पाहावी. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने २२ टक्के उपकर कोणत्या गाडीला लागेल, याचा खुलासा केला. इंजिन १५०० सीसीहून अधिक, लांबी चार मीटरहून अधिक, जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त; आणि चौथी अट अशी की, ती गाडी लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जात असावी. कायद्याने वस्तूची व्याख्या करताना लोकव्यवहारातल्या नावाचा आधार घेतला! सात महिन्यांत, जुलै २०२३ मध्ये, परिषदेने भूमिका बदलली आणि नाव काहीही असो, मापात बसणारे युटिलिटी वाहन करपात्र ठरवले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मोटारींवरचा हा उपकरच गेला. पण या घडामोडीतून एक गोष्ट स्पष्ट झाली: एसयूव्ही हे एक यंत्र आहे, त्याहून अधिक ते एक नाव आहे, आणि त्या नावाची किंमत मोजायला लोक तयार आहेत. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांनाही आज तेच नाव हवे असते, ते याचमुळे.

नावाची ही ओढ पाहिली की प्रतीक्षेचाही नवा अर्थ लागतो. परवाना पद्धतीत लोक फियाटसाठी वर्षानुवर्षे थांबत, याला आपण टंचाईचे युग म्हणतो. जुलै २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनची नोंदणी सुरू झाली, तेव्हा अर्ध्या तासात एक लाख नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले आणि नंतर कित्येकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. पहिली प्रतीक्षा सरकारने लादलेली होती, दुसरी हौसेची आहे. तरीही दोन्हींत गाडी हातात येण्याआधीच प्रतिष्ठा देऊ लागते. आत्मा आणि पैसा हा विरोध येथे टिकत नाही. पद्मिनीच्या काळातही गाडी ही प्रतिष्ठाच होती. फक्त ती फार थोड्यांना परवडत होती, म्हणून सोज्ज्वळ दिसत होती.

मग या तुलनेत काय राहून गेले? आमच्या मते, जीप. १९४७ पासून महिंद्र यांनी विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि स्कॉर्पिओ त्याच घराण्यातली आहे. ग्रामीण महाराष्ट्रात जीप दोन रूपांत आली. एक, साहेबाची आणि पुढाऱ्याची. तिची धूळ उडाली की गाव उठून उभे राही. आजच्या काळ्या काचांच्या एसयूव्हीचा रुबाब तेथून आलेला आहे. दुसरे रूप वडापचे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांत कमांडर आणि ट्रॅक्स गाड्यांतून दहाच्या जागी अठरा माणसे, कोंबड्या आणि दुधाच्या किटल्या जात. ते वाहन धोकादायक होते, बेकायदेशीर होते आणि ज्या गावात एसटी दिवसातून एकदा येई, तेथे एकमेव होते. मुलींच्या एका पिढीने त्यातून महाविद्यालय गाठले. वडापवर कोणी मृत्युलेख लिहीत नाही. कारण वडाप वाचायला घेतली की प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. सार्वजनिक वाहतूक कोणी मोडकळीस आणली, हा प्रश्न उभा राहतो. 'पद्मिनी की एसयूव्ही' हा वाद खेळत बसणे त्या मानाने सुखाचे आहे. त्यात दोन्हीकडे मोटारवालेच आहेत.

हा वाद आम्हाला इतका का झोंबतो, तेही सांगतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत हाच साचा उतरू लागला आहे. जुने ते जिवंत, नवे ते यांत्रिक. वाडा आणि फ्लॅट, पत्र आणि मोबाइल, पद्मिनी आणि एसयूव्ही. ज्या मुलामुलींच्या घरी वाडाही नव्हता आणि फियाटही नव्हती, ती दुसऱ्याच्या आठवणी स्वतःच्या म्हणून लिहितात आणि त्यांना चांगले गुण मिळतात. आपण शिक्षक ते गुण देतो. इकडे महाविद्यालयाच्या आवारात सातव्या वेतन आयोगानंतर उंच गाड्यांची रांग वाढत गेली आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी दुचाकीवर किंवा एसटीने येतात आणि विद्यार्थी फाटकासमोरचा रस्ता जीव मुठीत धरून ओलांडतात. या आवारात बसून पद्मिनीच्या आत्म्यावर लिहिणे आम्हाला अश्लाघ्य वाटते.

स्मृतीला आमचा विरोध नाही. पद्मिनीचे एखादे नमुनेदार वाहन संग्रहालयात जरूर असावे. शेजारी तिच्या चालकाचे परमिट आणि कुर्ल्याच्या कामगाराचा हजेरीपटही असावा. एसयूव्ही घेणाऱ्यालाही आम्ही पापी ठरवत नाही. आमची मागणी निकषाची आहे. मोटारीविषयी लिहिताना ती आतून कशी वाटते, हा प्रश्न दुसरा असावा. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला ती समोरून कशी दिसते, हा पहिला. या निकषावर पद्मिनीला अरुंदपणाचे आणि भाड्याने सर्वांना मिळण्याचे गुण द्यावे लागतील, ब्रेकचे आणि धुराचे कापावे लागतील. एसयूव्हीला आतल्या सुरक्षिततेचे गुण मिळतील, बाकी बरेच जातील. कदाचित दोन्ही मागे पडतील आणि वेळेवर येणारी एसटी पुढे जाईल. तुलनेचा असा निकाल ललित लेखाला सोयीचा नसेल, पण तो तपासता येतो. ज्यांना तो चुकीचा वाटतो, त्यांनी आकड्यांसह आणि रस्त्यावरच्या माणसाला सोबत घेऊन तो खोडून काढावा.